काकूवरची कविता

टोकियोजवळ इचिकावातल्या सुशीलच्या घरात टीव्हीशेजारी एक छोटं काचेचं कपाट होतं. अशा कपाटात कुणी बाहुल्या ठेवतं, कुणी ऑफिसात मिळालेल्या ढाली. सुशीलच्या आईने, जयंतीबाईंनी, त्यात कवितेची पुस्तकं ठेवली होती, सगळी इंग्रजी. घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला त्या आधी तिथे नेऊन उभं करायच्या. "ही माझी पुतणी. अमेरिकेत कवयित्री आहे, चांगली मोठी." आलेला माणूस म्हणजे बहुतेक सुशीलच्या कंपनीतला पुण्याचा एखादा मुलगा, नाहीतर हिगाशी-कसाईहून हळदीकुंकवाला आलेली कुणी बाई. ते मान डोलवायचे आणि चहाकडे वळायचे. कवितेचं कौतुक जगात तेवढंच असतं, त्यात नवल काय! पण जयंतीबाईंना ते पुरायचं. "नाव कादंबरी आणि लिहिते कविता," हा विनोद त्या दर वेळी करायच्या आणि त्यावर स्वतःच आधी हसायच्या.

पुतणी हे मात्र खरं नव्हतं. कागदोपत्री खरं, पण कादंबरी त्यांची पोटची मुलगी होती. तीन वर्षांची असताना त्यांनी तिला थोरल्या जाऊबाईंच्या, नयनावहिनींच्या, ओटीत घातलं. थोरले दीर पंढरीनाथ ओहायोत टायरच्या कारखान्यात इंजिनिअर होते, पदरी मूल नव्हतं. मूल घरातल्या घरात दत्तक द्यायचं ही आपल्याकडची जुनी रीत. सांगलीच्या घरी वकील आला, सह्या झाल्या, सासूबाईंनी पेढे वाटले आणि सगळ्यांना दम भरला, "आजपासून जयंती तिची काकू. पोरीच्या कानावर दुसरा शब्द पडता कामा नये." पुढे पोरगी मोठी झाल्यावर नयनावहिनींनीच तिला काय ते सांगून टाकलं. पण तोवर जिभेला काकू बसलं होतं, ते बसलंच.

आता कादंबरीच्या कवितेविषयी थोडं सांगायला हवं, कारण तिकडे तिचं नाव खरोखर मोठं आहे. पहिलं पुस्तक आलं तेव्हा ती तिशीच्या आतबाहेर होती. कॉलेजातल्या पोरांचे निबंध तपासायची आणि उरल्या वेळात लिहायची. बर्फ, वडिलांच्या कपड्यांना येणारा रबराचा वास, शाळेत तिच्या डब्याला नाकं मुरडणाऱ्या मुली, असं सगळं त्यात होतं. ते पुस्तक कुणी फारसं घेतलं नाही. दुसऱ्यात 'दोघांमधून' नावाची कविता आली आणि कादंबरी एकदम सगळ्यांना माहीत झाली. जमिनीवर दोन मुलं बसली आहेत. परदेशातून आलेली एक बाई दारात उभी आहे आणि दोघांतलं एक तिला न्यायचं आहे. ती वाकते आणि मुलीला उचलते. बहुतेक माणसं नुसती जन्माला येतात, मला मात्र कुणीतरी निवडलं, असं ती मुलगी शेवटी म्हणते. ती कविता तिकडे शाळेच्या पुस्तकांत गेली. दत्तक गेलेली माणसं अजून कुठून कुठून कादंबरीला पत्रं लिहितात. मग आणखी पुस्तकं आली. नयनावहिनींच्या आजारपणावरच्या पुस्तकाला मोठं बक्षीस मिळालं, आणि त्या गेल्यावर लिहिलेलं पुस्तक वाचून ओळखपाळख नसलेले लोक रडले म्हणतात.

या सगळ्या पुस्तकांत आई होती. पानापानावर आई. तीळ भाजणारी आई, बर्फात चप्पल घालून निघालेली आई, औषधाने केस गेलेली आई. आणि ती प्रत्येक आई म्हणजे नयनावहिनी.

नवीन पुस्तक टपालाने आलं की जयंतीबाई त्याला हळदकुंकू लावायच्या. "आई, कव्हरला डाग पडतो हो," म्हणून सून दीप्ती कुरकुरायची. मग दुपारचं जेवण झाल्यावर दोघी बसायच्या. दीप्ती इथे येण्याआधी नाशिकला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायची. ती एकेक कविता वाचायची, जमेल तसं मराठीत सांगायची, आणि जयंतीबाई कान टवकारून ऐकायच्या. कविता संपली की एकच प्रश्न. "ही आई कोण गं? तिकडचीच ना?"

"तिकडचीच."

"बरं. पुढची घे."

दीप्तीला सुरुवातीला गंमत वाटायची, नंतर वाईट वाटायला लागलं. एकदा मात्र घबाड सापडलं. एका कवितेत एक ओळ होती, भारतातून एक काकू मेतकूट पाठवते आणि त्या पुडीला दुसऱ्याच कुणाच्या घराचा वास येतो. दीप्ती ते 'दुसऱ्याच कुणाच्या' म्हणताना अडखळली. पण जयंतीबाईंचा चेहरा फुलला होता. "म्हणजे पोचलं की तिला मेतकूट! मला वाटायचं कस्टमवाले खातात." पुढच्याच आठवड्यात त्यांनी मोठा डबा भरून मेतकूट ओहायोला पाठवलं. त्यावर कविता आली नाही.

जयंतीबाईंना आयुष्यात आता दुसरं काही नको होतं. यजमान, श्रीहरीराव, जाऊन बराच काळ लोटला होता, सुशीलचं बरं चाललं होतं, गुडघे दुखत होते पण ते कुणाचे दुखत नाहीत? त्यांना फक्त एक कविता हवी होती. चांगलीच हवी असंही नाही. टाकून देणारी बाई म्हणून लिही, शिव्या घाल, पण लिही बाई माझ्यावर, असं त्या मनातल्या मनात म्हणायच्या. पोरीने आपला साधा रागही करू नये, हे त्यांना फार लागलं होतं.

'दोघांमधून' पुन्हा वाचायची गोष्ट निघाली की मात्र त्या उठून गॅसपाशी जायच्या. कारण कादंबरीला कुणी निवडलंच नव्हतं.

नयनावहिनी आल्या होत्या त्या सुशीलसाठी. दत्तक घ्यायचा तर मुलगा, हे तेव्हा सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. सुशील रांगत होता, गोरा, गुटगुटीत. वहिनी त्याच्या मापाचे स्वेटर घेऊन आल्या होत्या. जयंतीबाईंच्या पायांखालची जमीनच सरकली. धाकट्या सुनेला नाही म्हणायची सोय नव्हती, आणि श्रीहरीराव थोरल्या भावापुढे तोंड उघडणाऱ्यांतले नव्हते. वहिनी माजघरात बसून रडत होत्या, रिकाम्या ओटीने परत जाणार नाही म्हणत होत्या. तेव्हा जयंतीबाईंनी अंगणात खेळणाऱ्या कादंबरीला दंडाला धरून आणलं आणि वहिनींच्या मांडीवर बसवलं. "हिला न्या. शहाणी आहे, त्रास देणार नाही." त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि पोरीला कुणी मागितलंही नव्हतं. मुलगा वाचवायला त्यांनी मुलगी देऊन टाकली. हे ठाऊक असणारी बाकीची माणसं एकेक करून गेली आणि जयंतीबाई तेवढ्या उरल्या.

अशात एप्रिलमध्ये सुशीलच्या फोनवर कादंबरीचा निरोप आला. टोकियोत कवितांचा एक कार्यक्रम होता, त्याला तिला बोलावलं होतं. कार्यक्रम रविवारी, त्याच्या आदल्या दिवशी ती इचिकावाला येईन म्हणत होती. खाली एक ओळ होती. 'काकूंना एक कविता वाचून दाखवायची आहे.'

दीप्तीने ती ओळ वाचली आणि ओरडलीच. "आई! अहो, तुमच्यावर लिहिलंय तिनं!"

"काहीतरीच काय! कशावरून?"

"तिची रीतच आहे तशी. मी मुलाखत ऐकली होती. जिवंत माणसावर लिहिलेली कविता त्या माणसाला वाचून दाखवल्याशिवाय ती छापत नाही. तो म्हणाला की हे असं झालं नव्हतं, तर कविता फाडून टाकते. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे आता नाहीये तो तिचा नवरा, एकदा नाही म्हटलं, तर छापायला गेलेल्या पुस्तकातून तिनं ती काढून घेतली."

जयंतीबाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि बसल्या. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते असं बुधवारी सकाळी दाराशी येऊन उभं राहावं आणि आपल्या हातात कचऱ्याची पिशवी असावी! सोसायटीत त्या दिवशी प्लॅस्टिकचा कचरा होता. ती पिशवी दीप्तीने त्यांच्या हातातून काढून घेतली.

मग पुढचा प्रश्न आला, जेवायला काय करायचं? आणि इथे जयंतीबाई अडल्या. कादंबरीला काय आवडतं ते त्यांना माहीत नव्हतं. तिसऱ्या वर्षापर्यंतचं माहीत होतं, दूधभात आणि वर साय. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला दूधभात वाढायचा? सुशीलला विचारलं तर तो म्हणाला, "मला काय माहीत, पिझ्झा मागवू." शेवटी दीप्तीनेच पुस्तकं काढली आणि कवितांमधून पदार्थ शोधायला बसली. एका कवितेत तिळाची चटणी सापडली, एकीत भरली वांगी, एकीत दडपे पोहे. सगळे वहिनींच्या हातचे. जयंतीबाईंनी मुकाट्याने तेच करायचं ठरवलं. सुशीलने हिगाशी-कसाईच्या भारतीय दुकानातून वांगी आणली, ती लांबुडकी निघाली, त्यावरून त्याला भरपूर बोलणी बसली.

शनिवारी कादंबरी आली. करडे झालेले, कानापर्यंत कापलेले केस, पाठीवर सॅक. वाकून नमस्कार केला तेव्हा जयंतीबाईंचा हात तिच्या डोक्यापर्यंत जाऊन तसाच राहिला, नुसता टेकवावा की कुरवाळावं हे त्यांना ठरवता येईना.

"कशा आहात काकू?"

"बरी आहे गं. तू रोड झालीस." शेवटचं कधी पाहिलं होतं म्हणून रोड झालीस म्हणायचं, कोण जाणे. पण काहीतरी बोलायला हवं ना.

पोरीचं मराठी ऐकून दीप्ती थक्क झाली. इंग्रजीत बोलताना अस्सल अमेरिकन, आणि मराठीत मात्र 'अगंबाई', 'इश्श', 'मेला हा गुडघा'! पन्नास वर्षांपूर्वी सांगलीहून उठून गेलेलं मराठी नयनावहिनींनी तसंच जपून हिच्या तोंडात ठेवलं होतं. जयंतीबाईंना वाटलं, समोर वहिनीच बसून जेवतायत. कादंबरी वांग्याचा घास घेऊन डोळे मिटून म्हणाली, "अय्या, थेट आईसारखं झालंय!" आणि जयंतीबाई म्हणाल्या, "हो का? आणखी घे." दुसरं काय म्हणणार?

जेवणं झाल्यावर कादंबरीने सुशील-दीप्तीला सांगितलं, "मी आणि काकू जरा दोघीच बसतो." ती दोघं कोपऱ्यावरच्या कोंबिनीतून, म्हणजे रात्रंदिवस उघड्या दुकानातून, आइस्क्रीम आणतो म्हणून बाहेर पडली. दार लागलं. कादंबरीने सॅकमधून एक कागद काढला, चष्मा लावला. जयंतीबाई पदर सावरून बसल्या.

"काकू, मला हे फार आधी लिहायला हवं होतं. जमत नव्हतं. मला तुमचं काहीच माहीत नव्हतं, नुसता राग होता, आणि रागाच्या कविता मी फाडत आले. खूप फाडल्या."

म्हणजे राग होता तर. जयंतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगायचं तर ते आनंदाचं होतं.

"मग आई जायच्या आधी हॉस्पिटलात एक दिवस मला म्हणाली, तुला एक सांगायचं राहिलंय. ते तिनं सांगितलं, त्यावर ही कविता आहे. मी आधी इंग्रजीत वाचते, मग मराठीत सांगते. यातलं काही चुकीचं असेल तर स्पष्ट सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मी कागद इथेच फाडीन आणि रागही धरणार नाही. वचन."

तिने वाचलं. इंग्रजी शब्द जयंतीबाईंच्या कानांवरून गेले. मग ती कागद मांडीवर ठेवून सावकाश सांगू लागली.

पहाट आहे. गल्लीतून टॅक्सी निघते. मागच्या काचेतून एक लहान मुलगी बघते आहे. एक बाई टॅक्सीमागे धावत येते, अनवाणी, पदर रस्त्यावर लोळतो आहे. ती ओरडत नाही. ओरडली तर टॅक्सी थांबेल, थांबली तर ती मुलीला परत घेईल, आणि तिने तर शब्द दिला आहे. म्हणून ती नुसती धावते. चौकात टॅक्सी वळते आणि बाई दिसेनाशी होते. मला दोन आया आहेत, मुलगी म्हणते. एकीने मला उचललं. दुसरी अजून धावते आहे.

कादंबरीने चष्मा काढला. "असंच झालं ना काकू?"

ती पहाट जयंतीबाईंच्या डोळ्यांसमोर जशीच्या तशी उभी राहिली. थंडी होती. कादंबरी पंढरीनाथांच्या खांद्यावर गाढ झोपली होती, तिने कुठल्याही काचेतून बघितलं नाही. सुशील कडेवर होता. टॅक्सी सुरू झाली तेवढ्यात तो शिंकला, आणि पोराला गार वारं लागेल म्हणून जयंतीबाईंनी दार लावून घेतलं. टॅक्सी चौकात वळली की नाही तेही पाहिलं नाही. आणि दाराला पाठ लावून उभ्या असताना त्यांना काय वाटलं? सुटले, असं वाटलं. मुलगा राहिला. रडू नंतर आलं, पुष्कळ नंतर, आणि एकदा आलं ते पुढे कायमचंच. पण त्या पहाटे नाही.

"आईनं सांगितलं तुला हे?" त्यांनी विचारलं.

"हो. म्हणाली, तुझी काकू चौकापर्यंत धावली होती, ते मी एवढी वर्षं तुझ्यापासून लपवलं. मला भीती वाटायची, तुला कळलं तर तू परत जाशील."

अगं वहिनी! काय केलंस हे! जयंतीबाई मनात म्हणाल्या. मरायला टेकलेल्या बाईने पोरीसाठी ही गोष्ट रचून ठेवली होती. तुला मी निवडलं हीसुद्धा तिचीच रचना. पोरीला कधी वाटू नये की ती कुणालाच नको होती, म्हणून एकदा स्वतःच्या नावाने खोटं बोलली, आणि जाता जाता जयंतीच्या नावाने. जयंतीबाईंच्या वाट्याला आलेलं एवढंसं आईपणही वहिनींनीच दिलेलं होतं. त्यांना वहिनींची माया आली आणि तितकाच मत्सर वाटला.

नाही म्हणावं का? नाही म्हटलं की पोरगी विचारणार, मग काय झालं होतं? आणि एकदा दार उघडलं की स्वेटरही निघणार, मांडीवर बसवणंही निघणार. मग ती शाळेच्या पुस्तकांतली कविता, ती पत्रं लिहिणारी माणसं, मेलेल्या वहिनींचा शब्द, सगळं गेलं. हे सगळं जयंतीबाईंनी स्वतःला सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. पण त्याच्या तळाशी एक साधी गोष्ट होती. हा कागद फाटलेला त्यांना बघवणार नव्हता.

"हो," त्या म्हणाल्या. "असंच झालं."

कादंबरीने त्यांचे दोन्ही हात धरले. "एक विचारू? मी काचेतून बघतेय असं लिहिलंय, पण मला आठवत काहीच नाही. ते मी मनानं घातलंय. मी खरंच बघत होते?"

आता मागे फिरायची सोय उरली नव्हती. "बघत होतीस," जयंतीबाई म्हणाल्या. "हातही हलवलास."

आणि ती एवढी मोठी बाई, करड्या केसांची, बक्षिसं मिळवलेली, त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली. जयंतीबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हात कुठे ठेवावा हे या वेळी त्यांना ठरवावं लागलं नाही. तसा तो हात फिरवायला मिळाला याचं सुख झालं आणि त्या सुखाची लाजही वाटली.

आइस्क्रीम घेऊन मंडळी परत आली तेव्हा कादंबरीने त्यांना सगळं सांगितलं. सुशील आईकडे वळला. "आई, तू धावलीस? तू तर ट्रेन सुटत असली तरी जिना सावकाश उतरतेस!" मग थोडा गंभीर होऊन म्हणाला, "मी कुठे होतो तेव्हा?"

"पाळण्यात," जयंतीबाई म्हणाल्या आणि चमचे आणायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोतोयावाता स्टेशनवरून ते तिघं निघाले. कार्यक्रम जिम्बोचोला होता, जुन्या पुस्तकांच्या दुकानांची ती वस्ती, गाडी बदलायला लागत नाही. डब्यात कुणी बोलत नव्हतं, जपानी डब्यात कुणी बोलतच नाही. त्या शांततेत जयंतीबाईंचं मन त्यांना खाऊ लागलं. पोरीने विश्वासाने विचारलं होतं. जी बाई स्वतःच्या नवऱ्याच्या एका शब्दाखातर छापायला गेलेली कविता काढून घेते, तिला आपण थापा मारल्या. स्टेशन येईपर्यंत त्यांचं ठरलं. कार्यक्रमाआधी तिला बाजूला घ्यायचं आणि म्हणायचं, बाई, ती कविता वाचू नकोस. का, ते नंतर सांगते.

हॉलच्या दाराशी कादंबरी माणसांच्या गराड्यात उभी होती. जयंतीबाई वाट काढत गेल्या आणि तिची बाही धरली. "कादंबरी, जरा बोलायचं होतं."

"नंतर काकू, नक्की! पुढच्या रांगेत जागा ठेवलीय तुमची." तिचा चेहरा इतका खुलला होता की जयंतीबाईंचा धीरच सुटला. त्या पुढे जाऊन बसल्या.

कादंबरीने बऱ्याच कविता वाचल्या. प्रत्येकीनंतर एक जपानी बाई तीच कविता जपानीत वाचायची. 'दोघांमधून'ही वाचली. मग कादंबरीने कालचा कागद काढला आणि काहीतरी बोलली. दीप्ती कानाशी कुजबुजली, "म्हणतेय, ही कविता कालपर्यंत माझी नव्हती. जिची आहे तिने काल हो म्हटलं. ती इथे समोर बसलीय." सगळ्या माना वळल्या. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. जयंतीबाईंनी मान खाली घातली, आणि ते लोकांना फारच नम्र वाटलं असणार.

कविता संपली, मग जपानीतली संपली. शेजारच्या खुर्चीत जयंतीबाईंच्याच वयाची एक जपानी बाई होती. तिने डोळे पुसले, जयंतीबाईंकडे वळली, अगदी खाली वाकली आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतायत गं?" जयंतीबाईंनी विचारलं.

दीप्तीने आधी डोळे टिपले. "म्हणतायत, तुमचे पाय किती दुखले असतील."

जयंतीबाई आपल्या पायांकडे बघत राहिल्या. जाड मोजे, गादीचे बूट, सुशीलने हौसेने घेतलेले. त्या पायांनी त्या पहाटे दारापासून पाळण्यापर्यंत चार पावलं टाकली होती. त्यांना वाटलं, उठून उभं राहावं आणि सगळ्यांना ओरडून सांगावं, मी नव्हे हो ती! आणि मग वाटलं, ती असते तर किती बरं झालं असतं. त्या बाईचा त्यांना हेवा वाटला. धावली बिचारी. निदान धावली तरी.

माणसं पुढे सरकली, सह्या घ्यायला रांग लागली. कादंबरी त्या सगळ्यांच्या डोक्यांवरून कुणाला तरी शोधत होती. जयंतीबाई उठल्या. आता सांगायचं, इथेच, काहीही होवो. कागद फाटला तर फाटला. त्यांनी तोंड उघडलं.

"आई!"

सुशीलने चमकून वर बघितलं. दीप्तीने त्याचा हात धरला. कादंबरी पलीकडून हात उंच करून बोलावत होती. "आई, इकडे ये ना! या सगळ्यांना तुला भेटायचंय."

आई. आणि तुम्ही नव्हे, तू. सासूबाईंनी पेढ्यांबरोबर बंद करून टाकलेला तो शब्द. तो ऐकायला मिळावा म्हणून जयंतीबाईंनी काय दिलं नसतं? आणि आता तो भरल्या हॉलमध्ये आला होता, त्या टॅक्सीमागे धावणाऱ्या बाईला शोधत. ती बाई तिथे नव्हती. ती कुठेच नव्हती. हे तिथे एकट्या जयंतीबाईंना ठाऊक होतं, आणि यापुढेही एकट्यांनाच ठाऊक राहणार होतं.

कादंबरीने पुन्हा हाक मारली.

"ओ," जयंतीबाई म्हणाल्या. "आले गं."